जुन्या रेकॉर्ड घरी आणताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जुनी घरं पाडायला निघाली की माळ्यावरून रेकॉर्डच्या पेट्या अजूनही खाली उतरतात. एका अंगाला धारवाड-हुबळी, दुसऱ्या अंगाला मिरज-कोल्हापूर, त्यामुळे ख्यालाच्या आणि नाट्यपदांच्या तबकड्या निघतात. बेळगावच्या कॅम्पातल्या एखाद्या घरातून जॅझच्या एलपीही (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या लाँग-प्ले रेकॉर्ड) मिळतात. पन्नास-साठ पावसाळे सोसलेली तबकडी नव्या मालकाकडे मात्र पहिल्याच संध्याकाळी बाद होते. ती कशाची आहे हे पाहण्याआधीच त्याला ती ऐकायची असते.

सगळ्यात वाईट चूक सॅनिटायझरची. बेळगावच्या शहापुरातल्या एका घरातून दहा इंची ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तीसेक रेकॉर्ड निघाल्या, वर नुसती धूळ. घेणाऱ्याने कापसावर सॅनिटायझर ओतून एका बैठकीत अकरा पुसल्या. कापूस तपकिरी-काळा होत गेला आणि त्याला वाटलं, मळ निघतोय. निघत होती ती रेकॉर्ड. वाळल्यावर चकाकी गेली, वर पांढुरकी झाक आली. सुई ठेवली तर कढईत भजी सोडल्यासारखा आवाज, आणि गाणं त्याच्या पार मागे.

कारण कुठल्याही सुताराला ठाऊक आहे. चपडा (लाख, इंग्रजीत शेलॅक) स्पिरिटमध्ये विरघळवूनच तो पॉलिश बनवतो. ७८ची रेकॉर्ड म्हणजे तोच चपडा, त्यात दगडाची बारीक भुकटी आणि काजळी. सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे आवाज कोरलेली खाच पुसली जाते. गेलेली खाच परत येत नाही. स्पिरिट, कोलोन वॉटर, काच पुसायचं द्रावण, सगळ्यांना हेच लागू.

म्हणून आधी ओळखा. चपड्याची रेकॉर्ड जड, ताठ, हातात जराही न वाकणारी. कडेवर नखाने हलकेच टिचकी मारली तर खणखणते. एलपी व्हायनलची, किंचित लवते, आवाज बोथट. एलपी बाजारात आली १९४८ साली, पण आपल्याकडे ७८च्या रेकॉर्ड त्यानंतरही बरीच वर्षं निघत होत्या, तेव्हा सालावरून अंदाज बांधू नका.

धुताना १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विड साबणाचे २-३ थेंब, एवढंच. बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार खाचेत बसतो. मऊ मायक्रोफायबर कापड ओलं करून घट्ट पिळा आणि खाचेच्या वळणाने फिरवा, आडवं नाही. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या दुसऱ्या कापडाने पुसून रेकॉर्ड पंख्याखाली उभी ठेवा. पावसाळ्यात किमान ३ तास. ७८ची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी ती धुळीसकट ठेवावी. धुळीने तिचं फारसं काही बिघडत नाही.

दुसरी चूक अमेरिकेतून येते. मुलगा किंवा भाचा तिकडे असतो, सुट्टीला येताना टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आणतो. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. जुन्या सिंक्रोनस एसी मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीवर चालतो, त्यामुळे ३३⅓ ऐवजी तबकडी मिनिटाला साधारण २७.८ फेरे घेते. सूर पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून तीन स्वरांहून थोडा जास्तच खाली येतो. काळी एकमध्ये गाणारा गायक काळी पाचच्याही जरा खाली ऐकू येतो, लय सुस्त होते, आणि लोक म्हणतात, ‘बुवांचा आवाज काय भारदस्त!’ जॅझमध्ये ट्रम्पेट दमल्यासारखा वाजतो, तरी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी सोपी आहे. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि घड्याळ लावून ३ मिनिटं फेरे मोजा. १०० भरले तर वेग बरोबर. ८३ भरले तर फ्रीक्वेन्सीचा घोळ. स्ट्रोब डिस्क (वेग तपासायची रेघांची चकती, वेग बरोबर असला की फिरताना रेघा थांबल्यासारख्या दिसतात) वापरायची तर ५० हर्ट्झची हवी. तिच्यावर ३३⅓साठी १८० रेघा असतात, ७८साठी ७७. ती चोकवाल्या ट्यूबलाइटखाली बघा, बऱ्याच एलईडी दिव्यांत रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. उपाय म्हणजे मोटरवर ५० हर्ट्झची, आकाराने मोठी पुली बसवणं. डीसी मोटर असेल तर हा प्रश्न येत नाही.

मात्र प्रत्येक बेसूर तबकडीचा दोष यंत्राला देऊ नका. १९२५पूर्वीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणांचा वेग ७८च असेल असं नाही. ७८ वरून ७३.६वर आणलं की सूर तसाच एक स्वर उतरतो, हे लक्षात ठेवून गायकाच्या माहितीतल्या पट्टीशी पेटीवर ताडून बघा. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीच्या जुन्या प्रतींतही पहिली बाजू किंचित चढी वाजते. दोष मूळ टेपच्या वेगात होता आणि तो १९९०च्या दशकात सुधारला गेला.

सुई. ७८ची खाच रुंद, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. एलपीला ०.७ मिलच्या आसपासची. एलपीची सुई ७८वर खाचेच्या तळाशी घासते, ७८ची सुई एलपीची खाच फाडते. ग्रामोफोनची लोखंडी पिन एका बाजूला एक, मग टाकून द्यायची, आणि एलपीवर ती कधीच नाही.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. जाकिटासकट १०० एलपी म्हणजे सुमारे २५ किलो, तेव्हा फळी जाड हवी. जून ते सप्टेंबर बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल धरते, बुरशी येते. पॉलिथिनमध्ये घट्ट बांधणं तर त्याहून वाईट.

लेबलवरचं नाव ओळखीचं नाही म्हणून रेकॉर्ड बाजूला टाकणं हीदेखील नेहमीची चूक. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ‘हुबळीच्या गांधारी’ या नावाने निघाल्या होत्या, आणि त्यातला आवाज नंतरच्या रुंद आवाजाशी जुळत नाही. ते नाव वाचूनही रेकॉर्ड सोडून देणारे आहेत, याचं मनापासून वाईट वाटतं.

शेवटी संगणकावर उतरवताना. खरखर काढणारं बटण एकदम शेवटापर्यंत नेलं की आधी तानपुरा जातो, मग आवाजातला श्वास. जॅझमध्ये झांजेवरचं ब्रशचं काम जातं, कारण संगणकाला तेही खरखरच वाटतं. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर आहे तसं उतरवा आणि ती फाइल हात न लावता वेगळी ठेवा. सफाई करायची तर तिच्या प्रतीवर करा. फाइलच्या नावात रेकॉर्डचा क्रमांक, सुई आणि वेग लिहा.