सातबाऱ्याचा डेटा कन्व्हर्ट करणारं टूल बसवताय? या चुका टाळा

गावच्या सातबाऱ्याच्या नोंदी सीएसव्हीत (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) आणि गट नकाशा शेपफाइलमध्ये (नकाशाच्या डेटाचा जुना फॉरमॅट), या दोन्हीची सांगड घालून एक जिओपॅकेज (नकाशा आणि नोंदी एकत्र ठेवणारी नवी फाइल) काढणारं छोटं पायथनचं टूल मी लिहिलंय, टर्मिनलवर चालतं. ते मित्रांच्या लॅपटॉपवर बसवताना दरवेळी त्याच त्याच जागी गाडी अडते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

उबंटू 23.04, डेबियन 12 किंवा त्यापुढचं व्हर्जन असेल तर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारी कमांड) इन्स्टॉल मारल्या मारल्या 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असा एरर येतो. लोक लगेच ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेसवाला फ्लॅग लावतात, प्लीज नका लावू, त्यात सिस्टिमचं पायथन बिघडू शकतं. पिपएक्सने बसवा, ते प्रत्येक टूल सिस्टिमपासून वेगळं ठेवतं. कमांड सापडत नाही म्हणाला तर पिपएक्सचं एन्शुअरपाथ चालवायचं आणि टर्मिनल बंद करून परत उघडायचं.

मग जीडाल, म्हणजे नकाशाच्या फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी. पिपवरचं जीडाल म्हणजे नुसतं वरचं कव्हर, खरी लायब्ररी सिस्टिममध्ये असते, आणि दोघांचं व्हर्जन जुळलं नाही की बिल्ड कोसळतं. आधी सिस्टिमचं लिबजीडाल-डेव्ह पॅकेज टाका, जीडाल-कॉन्फिगला व्हर्जन विचारा आणि तोच आकडा पिपला द्या. सोर्सवरून बिल्ड करणार असाल तर जीडाल 3.6 पासून फक्त सीमेक (बिल्ड करायचं टूल) चालतं, कॉन्फिगरवाल्या जुन्या गाइड सोडून द्या, आणि शेवटी एलडीकॉन्फिग चालवा, म्हणजे सिस्टिमला नवी लायब्ररी सापडते.

हे एरर निदान दिसतात तरी. खरी भीती मला न दिसणाऱ्या चुकांची वाटते, कारण टूल 'डन' म्हणतं आणि आत कुणाची तरी जमीन चुकलेली असते.

सगळ्यात वाईट म्हणजे सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं. गट नंबर 12/3 असेल तर त्याचं 12 मार्च होतं, पण 145/2 तसाच राहतो, त्यामुळे वरवर बघून कळतच नाही. एकदा सेव्ह झालं की मूळ नंबर गेला. फाइल उघडायचीच असेल तर इम्पोर्ट करून तो कॉलम टेक्स्ट ठेवा, आणि पांडासमध्ये (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) सगळं स्ट्रिंग म्हणूनच वाचा.

दुसरं क्षेत्राचं. सातबाऱ्यावर हेक्टर.आर.चौमी (चौरस मीटर) असं असतं, 100 आर म्हणजे 1 हेक्टर, 1.05.00 म्हणजे 1 हेक्टर 5 आर. टाइप करणाऱ्याने 1.5 लिहिलं की टूल 1 हेक्टर 50 आर धरतं, 45 आरचा फरक, म्हणजे एकराहून जास्त! म्हणून माझं टूल आता तीन भाग नसलेली ओळ घेतच नाही, थांबतं आणि ओळ नंबर सांगतं. आकडे देवनागरीत असतील तर पायथन ते नीट वाचतं, पण मध्ये ऑकची (टर्मिनलवरचं मजकूर हाताळणारं जुनं टूल) स्क्रिप्ट घातली असेल तर ती १२ ला शून्य धरते आणि बेरीज गुपचूप कमी येते.

आउटपुट शेपफाइलमध्ये काढू नका. त्यात कॉलमचं नाव 10 बाइट आणि मजकूर 254 बाइटपर्यंतच मावतो, मराठी अक्षराला यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट लागतात, म्हणजे जेमतेम 84 अक्षरं (काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात). सामाईक खात्यात आठ-दहा वारस असले की शेवटची नावं कापली जातात. बऱ्याचदा ती बहिणींचीच असतात. जिओपॅकेजला ही अडचण नाही.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, पण बघा. यूटीएम पद्धतीत जगाचे रेखांशानुसार पट्टे (झोन) केलेत: पुणे झोन 43 मध्ये, नागपूर 44 मध्ये, 78 रेखांशावर हद्द. नागपूरच्या डेटाला 43 चा कोड चिकटवला तर गट थेट सुरतजवळ जाऊन पडतात, हे मी स्वतः केलंय.

कन्व्हर्ट झाल्यावर गावच्या एकूण क्षेत्राची बेरीज आकारबंदाशी (गावातल्या गटांच्या क्षेत्राची सरकारी नोंद) ताडून बघा, पोटखराबा (गटातली लागवडीला अयोग्य जमीन) धरून. आर-दोन आरचा फरक दिसला तरी सोडू नका, एकेक गट लावून शोधा.