खापरपणजोबा शोधायचे तर आधी घर धरा

आमच्या घरात खापरपणजोबांबद्दल तीनच गोष्टी सांगितल्या जायच्या. ते रायबागकडून बेळगावात आले, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, आणि ते प्लेगात गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, याला चौथी गोष्ट जोडायचे. त्यांच्या आजीच्या घरामागच्या परड्यात आड होता आणि त्या आडाच्या मधोमध भिंत होती. लहानपणी मला हे काही पटत नसे. आडात भिंत कोण बांधेल?

अण्णा गेल्यावर मी शोधाला लागले. आज खापरपणजोबांचं मृत्युपत्र माझ्याकडे आहे, घर कुठलं तेही कळलं आहे. आपल्या भागात असा शोध घ्यायचा तर काय करावं लागतं, ते माझ्या अनुभवावरून लिहिते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या पुष्कळ घरांत अशा तीन-चार गोष्टीच उरल्या आहेत आणि त्या सांगणारी माणसं भराभर कमी होत आहेत.

पहिली गोष्ट, माणसाच्या नावापासून सुरुवात करू नका. जुन्या दप्तरात आडनाव असेलच असं नाही. असलं तर ते कधी गावाचं, कधी धंद्याचं, आणि एकाच घरातल्या दोन भावांची दोन. घर मात्र जागचं हलत नाही. म्हणून आज ते घर किंवा ती जागा ज्याच्या नावावर आहे तिथून मागे मागे जायचं.

शहरातली जागा असेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातून सी.टी.एस. नंबरवरून, म्हणजे जागेच्या सिटी सर्व्हे क्रमांकावरून, प्रॉपर्टी कार्डाची नक्कल काढा. नुसता कॉम्प्युटरवरचा उतारा घेऊन परत येऊ नका. हातानं लिहिलेलं जुनं कार्ड आणि सर्व्हेच्या वेळची चौकशी नोंदवही मागा. कार्डावरच्या प्रत्येक फेरफारासमोर तो कशावरून झाला हे लिहिलेलं असतं, खरेदीखत, वाटणीपत्र की वारसा, आणि बऱ्याचदा दस्ताचा नंबर आणि साल. तो नंबर म्हणजे पुढच्या दाराची किल्ली. जोडीला नगरपालिकेच्या जुन्या घरपट्टीच्या वह्या पाहाव्यात. त्यात मालक आणि वहिवाटदार वेगवेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे घर विकल्यावरही कुटुंब तिथंच भाड्यानं राहिलं का, तेही कळतं. खेड्यातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा उतारा, आणि शेत असेल तर जुन्या हक्कनोंदीच्या वह्या नि फेरफार. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. त्याआधीचं शेत शोधायचं तर सर्व्हेच्या वेळची आकारबंद (साऱ्याच्या आकारणीची नोंद) आणि टिप्पणं (मोजणीचे कच्चे नकाशे) पाहावी लागतात.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न: जागा त्या काळी कोणाच्या राज्यात होती? इथं माझे चार महिने गेले. बेळगाव १८१८ साली इंग्रजांकडे गेलं आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईकडे होतं, म्हणून सगळं इंग्रजी अमलातलंच असणार, असं मी धरून चालले होते. पण शहापूर, बेळगावला चिकटून असलेलं आपलं शहापूर, १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. रायबाग कोल्हापूरकडे होतं, रामदुर्ग तर स्वतःच एक संस्थान. रस्त्याच्या अलीकडचं घर इंग्रजी दप्तरात आणि पलीकडचं संस्थानी स्टँपवर, असंही होऊ शकतं. मी रायबागचं मूळ बेळगावच्या दप्तरात शोधत बसले होते. खरी जागा होती कोल्हापूरचं पुरालेखागार. आणि पूर्वज कॅम्पात राहत असतील तर ती वाट आणखी वेगळी. छावणीच्या जमिनींचं जनरल लँड रजिस्टर स्वतंत्र असतं, सिटी सर्व्हेत ती जागा सापडणार नाही.

घराचा माग लागला की सबरजिस्ट्रार ऑफिस. दस्तनोंदणी मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकापासून आहे आणि वह्यांची रचना आजही तीच आहे. वही नंबर १ मध्ये स्थावराचे दस्त असतात: खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र. मृत्युपत्रं वही नंबर ३ मध्ये. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ या वेबसाइटवर साधारण २००४ पासूनचंच मिळतं. जुन्यासाठी हातानं शोध घ्यावा लागतो, त्याची फी सालावारी भरावी लागते. म्हणून साल जितकं नेमकं तितका खर्च कमी. वही १ची सूची दोन प्रकारची असते, एक माणसांच्या नावावरून आणि दुसरी जागेवरून. जागेच्या सूचीत गल्लीचं नाव धरून शोधलंत तर अनोळखी आडनावाचा त्रास वाचतो. मृत्युपत्राच्या वहीला मात्र फक्त नावाची सूची. तिथं आडनावाच्या अक्षरावर थांबू नका, पहिल्या नावाखालीही बघा.

मृत्युपत्राची नक्कल कोणाला मिळते? लिहिणारा हयात असेपर्यंत त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला. तो मयत झाल्यावर अर्ज करील त्याला. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची नक्कल मागायला वारस दाखला लागत नाही. एका ऑफिसात मला तो मागितला गेला आणि तीन वेळा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी नोंदणी कायद्याच्या कलम ५७ चा आधार अर्जातच लिहिला, अर्ज बाँड रायटरकडून, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याकडून, नीट कानडीत करून घेतला, आणि काम झालं. कानडीचा राग धरून आपली कामं अडवून घेऊ नयेत असं माझं मत आहे. दप्तर आपल्याच माणसांचं आहे, ते मिळवणं महत्त्वाचं.

आणि मृत्युपत्र सापडलं नाही तर खचू नका. ते नोंदवणं सक्तीचं नव्हतं, आजही नाही. हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचं ते मुंबई शहरात. बेळगावसारख्या मुफस्सलात, म्हणजे मुंबई शहराबाहेरच्या मुलखात, १ जानेवारी १९२७ पूर्वी केलेलं मृत्युपत्र साक्षीदारांशिवायही चालायचं, तोंडी सांगितलेलंसुद्धा. मग पुरावा कुठं उरतो? कोर्टात. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली जिल्हा कोर्टातून वारस सर्टिफिकेट घेत, त्या अर्जात अख्खी वंशावळ असते. तसंच दत्तकाचं. विधवेला दत्तक घेण्याची लेखी परवानगी मृत्युपत्राबाहेर दिलेली असेल तर १ जानेवारी १८७२ पासून ती नोंदवणं सक्तीचं होतं, आणि ती त्याच वही नंबर ३ मध्ये आहे. घराण्यात एक पिढी आधी आडनाव किंवा गाव एकदम बदललेलं दिसलं, तर दत्तकाचा संशय घ्या आणि तिथं बघा.

मृत्युपत्र असणं हीच एक बातमी असते. एकत्र कुटुंबातली वडिलोपार्जित मिळकत कोणाला मृत्युपत्रानं देता येत नव्हती. म्हणजे ज्यानं ते केलं त्याची मिळकत स्वकष्टाची तरी होती, नाहीतर भावांची वाटणी आधीच झालेली. त्याच्या मागच्या वीस वर्षांत वाटणीपत्र शोधा, मोठं घबाड हाती लागतं.

कागद हाती आला की मोडी. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आधी रेघ ओढून खाली अक्षरं लटकवलेली. शिकायला सहा महिने पुरतात, पण तोवर एकाच कागदाचं वाचन दोन जाणकारांकडून वेगवेगळं करून घ्या आणि ताडून बघा. माझ्या कागदात एकानं ‘सून’ वाचलं, दुसऱ्यानं ‘सन’, आणि सगळा अर्थ त्या एका अक्षरावर होता. काही शब्द आधीच पाठ करा: ‘बिन’ आणि ‘वल्लद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मयत’, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचं पालन करणारा किंवा करणारी. सही येत नसे त्यांच्या नावापुढं निशाणी असे. शेतकऱ्याची नांगराची, बाईची बांगडीची. नक्कल करणारा कारकून कधी ती निशाणी काढायचा, कधी नुसतं ‘निशाणी बांगडी’ लिहायचा.

इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, फसलीत, म्हणजे सरकारी महसुली सालात, ५९०. चैत्रात शक बदलतं आणि मृगाच्या सुमारास फसली, त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी एक. संवत्सराच्या नावानं खात्री करून घ्यायची एक सोपी युक्ती आहे, ती साठ वर्षांनी परत येतात. आमचा कागद ‘शके १८२१ विकारी नाम संवत्सरे’ असा होता. २०१९ च्या पाडव्यालाही विकारीच लागलं होतं, म्हणजे १२० वर्षं मागे, १८९९. जुळलं.

आणि आता त्या कागदात काय होतं ते. प्लेग १८९६ मध्ये मुंबईत आला आणि पुढं आमच्या भागात पसरला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आमच्या घरातली गोष्ट चुकीची होती. प्लेगात खापरपणजोबा गेले नाहीत, त्यांचा मुलगा गेला, माझे पणजोबा. म्हाताऱ्यानं त्यानंतर हे मृत्युपत्र केलं. मागं राहिली विधवा सून आणि पाच वर्षांचा नातू, म्हणजे माझे आजोबा. घर नातवाला, पण सुनेला हयातीपर्यंत माजघर आणि त्यालगतचे दोन खण राहायला, आणि ‘आडाचे पाणी निम्मे, ते तिणें बिनहरकत ओढावें’.

चतुःसीमा वाचायला मात्र मी पहिल्यांदा कंटाळले होते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस शेजाऱ्याचं परडं ‘व सामाईक आड, निम्मा आमचा निम्मा त्यांचा, मध्ये भिंत’. हे वाचलं आणि मी वही खाली ठेवली. अण्णांनी सांगितलेली ती भिंत. नावं विसरली जातात, चतुःसीमा खरेदीखतातून खरेदीखतात जशाच्या तशा उतरत राहतात. म्हणून आधी ती उतरवून घ्या, मग बाकीचं वाचा.

चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावंही धरून ठेवा. तुमच्या घराचा दस्त गहाळ असला तरी शेजाऱ्याच्या दस्तात तुमचे पूर्वज सीमा म्हणून सापडतात. माझ्याकडे १९०८ चं खरेदीखत आलं ते असंच, शेजारच्या घराच्या नंबरावरून.

त्या घरात आज दुसरेच लोक राहतात. मी आधी चिठ्ठी पाठवली, कागदांच्या झेरॉक्स दाखवल्या आणि जागेवर आमचा काहीही हक्क नाही, हे पहिल्या वाक्यात सांगितलं. तुम्हीही तसंच करा, नाहीतर लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं बरोबर आहे. त्या घरच्या काकींनी चहा दिला आणि परड्यात नेलं. आडावर आता लोखंडी जाळी आहे. चिऱ्याची भिंत काठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. आमच्या बाजूच्या दगडावर दोराची घळ पडलेली आहे, बोट ठेवलं तर पहिलं पेर अख्खं आत जातं. शेजारच्या बाजूला तेवढी खोल नाही. त्यांच्याकडे नळ आधी आला असावा, काकी म्हणाल्या.

कागदांबद्दल एकच सांगते. मूळ कागद कधीही लॅमिनेट करू नका, त्यावर पेननं खुणा करू नका, टेप लावू नका. सपाट ठेवा, उजेडात फोटो काढा, आणि फोटोच्या नावातच साल, गल्ली, सी.टी.एस. नंबर घाला. सही-शिक्क्याची नक्कल वेगळ्या पाकिटात ठेवा.

१९०८ च्या त्या खरेदीखतावर विकणारा म्हणून माझ्या आजोबांचं नाव आहे, वय चौदा, ‘अज्ञान, अ.पा.क. आई’. आईचं नाव आहे, पुढं ‘कोम’ आणि पणजोबांचं नाव, मग ‘निशाणी बांगडी’. कारकुनानं ती काढलेली आहे, एक छोटं वर्तुळ, नीट न मिटलेलं. तिचं माहेर कुठलं, ते अजून कळायचं आहे. साक्षीदारांत एक नाव हुकेरीचं आहे आणि त्याच्यापुढं ‘बंधू’ लिहिलं आहे. सध्या मी हुकेरीच्या वह्या बघते आहे.