मदरबोर्ड बदलल्यावर पीसी बूट होत नाही? आधी तो कुठे अडकतोय ते बघा

नवा बोर्ड बसवला आणि पीसी चालू झाला नाही, की लोक एकतर बोर्ड परत द्यायला निघतात किंवा विंडोज नव्याने टाकायला बसतात. दोन्हींची गरज क्वचितच पडते. आधी नक्की काय होतंय ते ठरवा: बटण दाबल्यावर काहीच हलत नाही, क्षणभर चालून बंद पडतो, पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, की बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम) दिसतो पण विंडोज सुरू होत नाही? या चारही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. डिस्प्ले येत नसताना हार्ड डिस्ककडे बघण्यात अर्थ नाही, आणि बायोस दिसत असेल तर रॅम काढून पुसत बसायचं कारण नाही.

काहीच हलत नाही

एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) मागचा स्विच चालू आहे का, २४ पिनचा मोठा कनेक्टर खटका लागेपर्यंत आत गेलाय का, एवढं आधी पाहा. नव्या बोर्डवर तो बराच घट्ट जातो आणि अर्धवट बसलेला असला तरी वरून ठीक दिसतो. बोर्डवरचा एखादा दिवा लागला म्हणून खात्री धरू नका. तो ५ व्होल्टच्या स्टँडबाय वीजेवर लागतो, बाकी काहीही बंद असलं तरी.

मग फ्रंट पॅनलच्या बारीक वायरी. पॉवर स्विचची जोडी एक पिन बाजूला सरकली तरी बटण मेलेलं वाटतं. कॅबिनेटचं बटण बाजूला ठेवा, मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना शोधा आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या दोघींना क्षणभर टेकवा. पीसी चालू झाला तर दोष बटणाचा किंवा वायर लावण्याचा.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस वेगळा तपासा. वीज बंद करून सगळे कनेक्टर काढा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर कागदाच्या क्लिपने जोडा, मग वीज द्या. पंखा फिरला तर निदान तो चालू होतो एवढं कळतं. मात्र काही नव्या मॉडेलांचा पंखा लोड नसताना फिरतच नाही, म्हणून कॅबिनेटचा एक पंखा जोडून मगच निष्कर्ष काढा.

एक कडक सूचना: मॉड्युलर (केबल काढता येणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच केबल वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल सॉकेटमध्ये बसते, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात डिस्क जळतात.

एक-दोन सेकंद चालतो आणि बंद पडतो

ही लक्षणं शॉर्टची. जुना बोर्ड पूर्ण एटीएक्स (मोठा आकार) आणि नवा मायक्रो एटीएक्स (लहान आकार) असेल तर कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर बसतो ते खुंट, मोजा. मायक्रो एटीएक्सला लागत नसलेला एखादा स्टँडऑफ जागेवर राहिला, तर तो बोर्डच्या पाठीमागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकतो आणि एसएमपीएस स्वसंरक्षण म्हणून बंद होतो. बोर्डखाली निसटलेला स्क्रूही हेच करतो.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. पहिला प्रश्न: प्रोसेसरच्या (सीपीयूच्या) सॉकेटजवळच्या ८ पिनच्या कनेक्टरमध्ये सीपीयूची केबल लावलीय का? ती ४+४ अशी विभागते. ग्राफिक्स कार्डची केबल ६+२ अशी विभागते, आणि दोघींमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या असतात. म्हणून चुकीची केबल जोर लावून घुसवू नका. ८ पिनच्या शेजारी आणखी ४ पिनांचं सॉकेट असेल तर ते रिकामं राहिलं म्हणून बूट अडत नाही.

दुसरं, मॉनिटर कुठे जोडलाय? इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल (उदाहरणार्थ आय५-१२४००एफ) किंवा रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही. बोर्डच्या एचडीएमआयमधून काही येणार नाही, केबल ग्राफिक्स कार्डलाच हवी.

तिसरं, बोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतील तर ते पाहा. जो लागून राहतो तिथे गाडी थांबली.

सीपीयूचा दिवा लागून राहिला तर बायोसची आवृत्ती तपासा. सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. जुना बायोस असलेला बी४५० चिपसेटचा बोर्ड रायझन ५००० ला ओळखत नाही, आणि दुकानात पडून राहिलेला बी६६० इंटेलच्या १३व्या पिढीला. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर नसतानाही अपडेट होतो: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलंय तेच नाव द्या, खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावा आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडू नका. आवृत्ती बरोबर असेल तर कूलर काढून पिना बघा. इंटेलच्या नव्या सॉकेटमध्ये आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, एएमडीच्या जुन्या एएम४ मध्ये प्रोसेसरवर. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की रांगेतून बाहेर आलेली पिन चमक बदलल्यामुळे लगेच दिसते.

डीरॅमचा दिवा असेल तर एकच रॅम ठेवा, सीपीयूपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये (बोर्डवर बहुधा ए२ लिहिलेलं असतं). एका बाजूची कडी लागली आणि दुसरी अधांतरी राहिली असं फार होतं, दोन्ही टोकांना आवाज येऊ द्या. एएम५ आणि डीडीआर५ असेल तर घाई करू नका. पहिल्या बूटला बोर्ड रॅमची चाचणी घेतो, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते आणि रॅम जास्त असेल तर आणखी वेळ लागतो. पाव तास थांबा. वैतागून मध्येच बंद केला तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

यातलं काहीच लागू पडलं नाही तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढा. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आला त्यावर ठेवा. चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीवर ठेवू नका, तिचा पृष्ठभाग थोडीफार वीज वाहून नेतो. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड. सीमॉसची (बायोसची साठवलेली) सेटिंगं पुसा: वीज काढून सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. असा उघडा बोर्ड चालला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा तुम्ही अजून न जोडलेल्या भागात आहे, एकेक जोडत जा. नाही चाललाच तर बोर्ड परत करण्याआधी सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावा. वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत.

बायोस दिसतो, विंडोज येत नाही

इथवर आलात तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे. ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश दिसला तर कूलरचा पंखा सीपीयू फॅन लिहिलेल्या हेडरऐवजी दुसरीकडे लागलाय.

बायोसच्या यादीत डिस्क दिसते का? दिसत नसेल तर मॅन्युअलमधला एम.२ (बोर्डवरच आडव्या बसणाऱ्या एसएसडीचा स्लॉट) आणि सॅटाचा (केबलने जोडायच्या डिस्कचा पोर्ट) तक्ता वाचा. बऱ्याच बोर्डांवर ठरावीक एम.२ स्लॉट भरला की एक-दोन सॅटा पोर्ट बंद होतात. शिवाय ज्या स्लॉटमध्ये फक्त एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी चालते, त्यात एम.२ सॅटा एसएसडी बसते, पण दिसत नाही.

डिस्क दिसते, पण बूटच्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ नाही? याची दोन कारणं नेहमीची. एक, विंडोजचं बूट विभाजन दुसऱ्याच डिस्कवर होतं आणि ती जुनी हार्ड डिस्क तुम्ही अजून जोडलेली नाही. ती जोडून बघा. दोन, जुनं विंडोज एमबीआर डिस्कवर (डिस्कची विभागणी नोंदवायची जुनी पद्धत, नवी म्हणजे जीपीटी) टाकलेलं होतं आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयने (बायोसच्या नव्या रूपाने) बूट करतो. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, डिस्कपार्ट उघडून लिस्ट डिस्क ही कमांड द्या. जीपीटीच्या रकान्यात चांदणी नसेल तर डिस्क एमबीआर आहे. बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करू देणारं सेटिंग) चालू करणं हा तात्पुरता उपाय, तोही बोर्ड देत असेल तर. कायमचा उपाय म्हणजे विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून सोबत येणारं एमबीआर२जीपीटी हे टूल, ते डिस्क जीपीटी करतं. ते आधी व्हॅलिडेटसह (फक्त तपासणी) चालवा आणि यश आलं तरच कन्व्हर्ट. त्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे घ्या.

निळ्या स्क्रीनवर ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर स्टोरेजचा मोड, म्हणजे बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते ठरवणारं बायोसमधलं सेटिंग, बदललाय. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बोर्डांत हे सेटिंग व्हीएमडी चालू की बंद असं असतं, इतरत्र एएचसीआय की रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) असं. जुन्या बोर्डवर होता तोच मोड ठेवा. आठवत नसेल तर उलटा करून बघा, यात डेटा जात नाही. मात्र रेडमध्ये खरोखर दोन डिस्क जोडलेल्या असतील तर हात लावू नका.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एनक्रिप्शन. निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली म्हणजे काही बिघडलेलं नाही. कुलपाची किल्ली जुन्या बोर्डच्या टीपीएममध्ये (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा भागात) राहिली, एवढंच. मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन की शोधा. ऑफिसचा पीसी असेल तर ती आयटीकडे असते. एएमडीच्या बोर्डवर ‘नवा सीपीयू बसवला, एफटीपीएम रीसेट करायचं का’ (एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरमधला टीपीएम) असा प्रश्न आला, तर की हातात आल्याशिवाय वाय दाबू नका. की कुठेच सापडत नसेल आणि जुना बोर्ड अजून चालत असेल, तर तोच परत जोडा, एनक्रिप्शन पूर्ण उतरवा आणि मग नवा बसवा. जुना बोर्ड मेलेला आणि की हरवलेली असेल तर डेटा परत मिळवण्याचे दावे करणाऱ्यांना पैसे देऊ नका.

विंडोज सुरू झाल्यावर चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर बोर्डच्या उत्पादकाच्या साइटवरून घ्या. लॅन चालत नसेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा. अॅक्टिव्हेशन उडालं असेल तर सेटिंग्जमधल्या अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये ‘अलीकडे हार्डवेअर बदललं’ हा पर्याय निवडा. लायसन्स रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असून खात्याला जोडलेलं असेल तर ते बहुधा इथेच परत येतं. पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स मात्र जुन्या बोर्डला बांधलेलं असतं, त्याला नवं घ्यावं लागतं.