मिरची पिवळी पडली? फवारणीआधी एवढं तपासा

मिरचीचं पान पिवळं दिसलं की ते तोडून कृषी सेवा केंद्रात न्यायचं आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली घेऊन यायचं, हे सर्रास चालतं. पण ते पान झाडावर वर होतं की खाली, हे कळल्याशिवाय निदान होत नाही. म्हणून तपासणी शेतातच, उभ्या झाडावर करा.

१. आधी कीड, रोग आणि पाणी बघा. पानं वरच्या बाजूला द्रोणासारखी वळत असतील तर फुलकिडे, खाली वळत असतील तर कोळी (माइट ही बारीक कीड). भिंगातून पानाची मागची बाजू पाहा. झाड खुजं, पानं बारीक आणि पांढरी माशी असेल तर चुरडा-मुरडा विषाणूचा संशय घ्या. त्यावर खताचा उपाय नाही. मग दोन-तीन झाडं उपटून मुळं पाहा. भारी जमिनीत पाणी साचलं की मुळं तपकिरी होतात आणि खत असूनही झाड पिवळं पडतं. अशा वेळी युरिया टाकू नका. चर काढून वाफसा, म्हणजे मातीत हवा आणि ओल यांचा योग्य मेळ, येऊ द्या.

२. खालची पानं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे नेतं. त्यामुळे खुणा खाली दिसतात. सगळं पान फिकट झालं तर नत्र, कडा करपल्या तर पालाश, शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला तर मॅग्नेशियम. स्फुरद कमी असेल तर पान गडद, जांभळट दिसतं आणि वाढ खुंटते.

३. शेंडा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची खूण. चुनखडीच्या जमिनीत ती हमखास दिसते. तिथे लोह असतं, पण जमिनीचा सामू (पीएच) ८ च्या वर गेला की मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून साधं फेरस सल्फेट जमिनीत टाकणं वाया जातं. ठिबकमधून द्यायचं असेल तर ईडीडीएचए या चिलेट (लोहाला धरून ठेवणाऱ्या) रूपातलं लोह घ्या. ईडीटीए हे दुसरं चिलेट अशा जमिनीत टिकत नाही, ते फवारणीला ठेवा. चुनखडी आहे का, हे बघायला मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. फेस आला तर आहे. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला.

४. फळं. मिरचीच्या टोकाला खोलगट, करपट डाग म्हणजे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचलं नाही. बहुतेकदा कारण पाण्यातला खंड असतो. आधी पाणी नियमित करा, मग कॅल्शियम नायट्रेटचं पाहा. फुलगळीचा दोष लगेच बोरॉनच्या कमतरतेवर ढकलू नका. कडक उन्हाळ्यातही फुलं गळतात.

५. खात्री करा. संशय ज्या अन्नद्रव्याचा, तेवढंच एका ओळीतल्या थोड्या झाडांवर फवारा, शेजारची ओळ तशीच ठेवा. सात-आठ दिवसांनी दोन्ही पाहा. लोहच कमी असेल तर थेंब पडले तिथे हिरवे ठिपके उमटतात. पाच अन्नद्रव्यांचं मिश्रण मारलं तर कशाने गुण आला, हे कधीच कळणार नाही.

६. माती परीक्षण. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या आणि १५-२० सेंमी खोलीपर्यंतची माती खरवडा. सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेलं खुरपं किंवा जस्ताची बादली वापरू नका. प्रयोगशाळेत सामू आणि मुक्त चुना हे दोन्ही आवर्जून मागून घ्या.