मेल आली नाही? आधी स्पॅम उघडा

समोरचा 'पाठवली' म्हणतोय आणि तुमचा इनबॉक्स कोरडा, अशा वेळी वाद घालण्याआधी स्पॅम फोल्डर बघा. जीमेल तिथली मेल 30 दिवसांनी आपोआप पुसून टाकतं, त्यामुळे 'बघू नंतर' नको. मेल सापडली की पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता तपासा (नुसत्या नावावर जाऊ नका, नाव कोणीही काहीही लावतं) आणि खरी असेल तर 'स्पॅम नाही' दाबा. एवढं करूनही फिल्टर हट्टाला पेटला असेल, तर संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये त्या पत्त्यासाठी नवा फिल्टर बनवा आणि 'कधीही स्पॅममध्ये पाठवू नका' यावर खूण करा. माझ्या मते हाच सगळ्यात खात्रीचा उपाय.

अनोळखी स्पॅममधल्या 'अनसबस्क्राइब'वर मात्र क्लिक करू नका. पत्ता चालू आहे एवढंच त्यांना कळतं. आणि हो, सेटिंग्जमध्ये बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारण्याचा पर्यायही निवडून ठेवा. जाहिरातीच्या मेलमध्ये न दिसणारं इवलंसं चित्र दडवलेलं असतं. ते लोड झालं की मेल कधी उघडली, हे पाठवणाऱ्याला समजतं.