आईबाबा आयटीत असतील तर मुलांना घरी कोडिंग कसं शिकवावं

दिवसभर कोड लिहिणारे आईबाबा मुलाला शिकवायला बसले की बहुतेक वेळा आपल्या कामाच्या भाषेपासून सुरुवात करतात. पायथन इन्स्टॉल होतं, एडिटर उघडतो, आणि पहिला अर्धा तास कंस, अवतरणचिन्हं आणि स्पेलिंग दुरुस्त करण्यात जातो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कीबोर्डवर अक्षर शोधायलाच वेळ लागतो. त्यात लाल अक्षरांत एरर आली की त्याला वाटतं, आपल्याला हे जमणार नाही.

म्हणून ८ ते ११ या वयात सुरुवात स्क्रॅचने करावी. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेली ही भाषा ८ ते १६ वयोगटासाठीच आखलेली आहे. यात टायपिंग जवळजवळ नसतं. रंगीत ब्लॉक एकाखाली एक अडकवायचे, आणि जो ब्लॉक जिथे बसू शकत नाही तिथे तो बसतच नाही. मूल ५ ते ७ वर्षांचं असेल तर टॅब्लेटवरचं स्क्रॅच ज्युनिअर घ्या, त्यात वाचताही यावं लागत नाही.

पहिला प्रकल्प म्हणून इथे ठिपक्यांची रांगोळी घेतली आहे, ५ ओळी आणि ५ ठिपके. गेमपेक्षा ती बरी, कारण चूक झाली तर ती पडद्यावर लगेच दिसते आणि मूल स्वतः ती ओळखू शकतं. रांगोळी सरळ आली की नाही हे सांगायला आईबाबा लागत नाहीत.

आधीची तयारी

ऑफिसचा लॅपटॉप नको. त्यावर काही इन्स्टॉल करायला परवानगी लागते, आणि मुलाच्या हातून काही बिघडलं तर तुम्ही चिडणार. घरच्या लॅपटॉपवर मुलाच्या नावाचं वेगळं लॉगिन करा आणि स्क्रॅचचं ॲप आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. ॲप एकदा बसलं की इंटरनेटशिवाय चालतं, खातं उघडायची गरज नाही, फाइल आपल्याच फोल्डरमध्ये सेव्ह होते. एक साधा माउस जोडा. टचपॅडवर बोट दाबून धरत ब्लॉक ओढणं लहान हातांना फार अवघड जातं, आणि पहिल्याच दिवशी मूल कंटाळण्याचं हे एक मोठं कारण असतं. मोबाइलवर मात्र हे करू नका. पडदा अपुरा पडतो.

बसताना लॅपटॉपसमोर मूल, तुम्ही बाजूला. माउस मुलाच्या हाताशी. एका बैठकीला अर्धा तास पुरे, तोही सुट्टीच्या सकाळी. ऑफिसातून आल्या आल्या शिकवायला बसू नये, धीर लवकर संपतो.

पहिली बैठक: कागदावर

चौकटींची वही घ्या. पेन्सिल तुमच्या हातात, सूचना मुलाच्या तोंडी. शब्द चारच वापरायचे: ‘ठिपका दे’, ‘उजवीकडे सरक’, ‘खाली सरक’, ‘डावीकडे सरक’. प्रत्येक सरकणं एका घराचं. मूल जे सांगेल तेवढंच करा, समजून घेऊन जास्तीचं काही करू नका.

पहिली ओळ नीट येते. मग मूल म्हणतं, ‘आता खाली सरक.’ तुम्ही एक घर खाली या आणि थांबा. पेन्सिल अजून उजव्या टोकालाच आहे. ‘ठिपका दे’ म्हटलं की ठिपका तिथेच पडतो. मूल ओरडतं, ‘तिथे नाही, पहिल्यापासून!’ मग विचारा, ‘हे तू सांगितलंस का?’ मशीनला न सांगितलेलं कळत नाही, ही गोष्ट इथे मुलाला जेवढी पटते तेवढी तुमच्या भाषणाने पटणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत मूल वैतागून म्हणेल, ‘हेच पाच वेळा कर ना.’ तो लूप. हा शब्द त्याआधी उच्चारू नका. मुलाने गोष्ट स्वतः मागितली की मग तिचं नाव सांगायचं.

दुसरी बैठक: एक ओळ

स्क्रॅच उघडलं की उजवीकडे मांजर उभी असलेली पांढरी जागा दिसते, ती स्टेज. ती ४८० रुंद आणि ३६० उंच असते आणि शून्य मधोमध असतं. म्हणजे आडवा एक्स −२४० पासून २४० पर्यंत, उभा वाय −१८० पासून १८० पर्यंत. मुलाला मांजर माउसने ओढू द्या आणि स्टेजखालचे एक्स-वायचे आकडे बदलताना पाहू द्या. ऋण संख्या शाळेत साधारण सहावीत येतात, त्यामुळे लहान मूल इथे अडतं. लिफ्टमधलं पार्किंगचं −१ चं बटण दाखवलं की काम भागतं. मग पाच मिनिटं खेळ: ‘एक्स १००, वाय −५० वर मांजर नेऊन ठेव.’

डावीकडे अगदी खालच्या कोपऱ्यात एक्स्टेन्शनचं, म्हणजे जास्तीचे ब्लॉक जोडायचं बटण आहे. त्यातून ‘पेन’ घ्या. आता हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली या क्रमाने ब्लॉक लावायचे: ‘हाइड’, ‘इरेज ऑल’, ‘पेन अप’, पेनची जाडी ८, ‘गो टू’ एक्स −८० वाय ८०. त्याखाली ‘रिपीट ५’ आणि त्याच्या पोटात तीन ब्लॉक: ‘पेन डाउन’, ‘पेन अप’, ‘चेंज एक्स बाय ४०’. पेन खाली टेकवून लगेच उचललं की एक ठिपका उमटतो.

इथे ठरलेल्या चुका होतात. पाच ठिपक्यांऐवजी दोनच दिसतात, कारण ‘चेंज एक्स बाय’ऐवजी ‘सेट एक्स टू’ लावलेला असतो. दोन्ही ब्लॉक एकाच रंगाचे आणि शेजारी शेजारी असतात. ‘सेट’ म्हणजे या जागेवर जा, ‘चेंज’ म्हणजे आहेस तिथून एवढं सरक. हा फरक इथेच पक्का करून घ्या, पुढे गेमच्या गुणांमध्ये तोच पुन्हा आडवा येतो. ठिपक्यांऐवजी सलग रेघ आली तर लूपमधलं ‘पेन अप’ राहिलं आहे. काहीच दिसत नसेल तर जाडी १ असेल किंवा पेनचा रंग पांढरा झाला असेल. आणि मागचं चित्र पुसलं जात नसेल तर ‘इरेज ऑल’ सुटलं आहे.

तिसरी बैठक: पाच ओळी, आणि तुमची परीक्षा

आता अख्खी ओळ आणखी एका ‘रिपीट ५’च्या पोटात घालायची. आतला ‘रिपीट’ संपल्यावर, पण बाहेरचा संपायच्या आत, दोन ब्लॉक हवेत: ‘सेट एक्स टू −८०’ आणि ‘चेंज वाय बाय −४०’. हे आधी सांगू नका. मुलाला फक्त वाय बदलायचं सुचेल. चित्र बिघडेल: दुसरी ओळ पहिलीच्या उजव्या टोकापलीकडून सुरू होईल आणि ठिपके स्टेजच्या कडेला जाऊन अडकतील.

हाच तो क्षण, जिथे तुमचा हात माउसकडे जातो. तुम्हाला चूक दोन सेकंदांत दिसलेली असते, मूल रडवेलं होऊन ‘आई, तूच करून दे ना’ म्हणत असतं. करून दिलंत तर रांगोळी होईल, पण मूल या बैठकीतून शिकेल ते एवढंच, की अडलं की माउस आईकडे द्यायचा. चूक शोधणं हे कोडिंगमधलं फार मोठं काम आहे, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? ते काम मुलाकडून काढून घेऊ नका. हात मांडीवर ठेवा आणि क्रमाने तीन प्रश्न विचारा. काय व्हायला हवं होतं? काय झालं? दुसरी ओळ नेमकी कुठून सुरू झाली? प्रत्येक प्रश्नानंतर थांबा. ही शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, मूल तेव्हा विचार करत असतं.

उत्तर सांगू नका, पण हत्यार द्या. एक हत्यार म्हणजे आतल्या लूपमध्ये ‘वेट ०.५ सेकंद’. २५ ठिपके साडेबारा सेकंदांत एकेक करून पडताना दिसतात आणि गडबड नेमकी कुठे सुरू होते ते डोळ्यांनी कळतं. दुसरं म्हणजे ‘एक्स पोझिशन’ या ब्लॉकशेजारची चौकट टिक करणं. एक्सचा आकडा स्टेजवरच दिसू लागतो. ओळ संपल्यावर तो १२० असतो: −८० पासून ४० च्या पाच उड्या. मुलाने ‘अरे, तो परत आलाच नाही!’ म्हटलं की कागदावरच्या त्या पेन्सिलीची आठवण करून द्या.

ठिपके तिरक्या रेघेत उतरत असतील तर वाय बदलणारा ब्लॉक आतल्या लूपमध्ये शिरला आहे. तो एका घराने बाहेर काढायचा एवढंच, पण कुठला ब्लॉक कोणाच्या पोटात आहे हे बोट ठेवून वाचायला लावा.

‘सोपं तर आहे’ हे वाक्य या बैठकीत वर्ज्य. सोपं असूनही आपल्याला येत नाही, असाच त्याचा अर्थ मूल घेतं. तसंच गिट, क्लास, स्वच्छ कोडचे नियम वगैरे आताच नको. प्रत्येक बैठकीनंतर ‘रांगोळी १’, ‘रांगोळी २’ अशी नवी फाइल सेव्ह करायची सवय लावली की या वयाला पुरेसं आहे.

चौथी बैठक: अंतर आणि फूल

‘अंतर’ नावाचं व्हेरिएबल, म्हणजे बदलता येणारा आकडा ठेवायची जागा करा. देवनागरी नाव चालतं, आणि मराठी माध्यमाच्या मुलाला ते आपलं वाटतं. ४० च्या जागी ‘अंतर’, −४० च्या जागी अंतर गुणिले −१. सुरुवातीचा एक्स किती? मूल पाच ठिपके मोजून पाच अंतरं धरतं. ठिपके पाच असले तरी मधल्या जागा चारच, त्याच्या निम्म्या २. म्हणून एक्स अंतर गुणिले −२, वाय अंतर गुणिले २. ओळीनंतर परत येतानाचा −८० सुद्धा बदलायला विसरू नका, तो हमखास राहतो आणि पहिली ओळ सोडून बाकीच्या सरकतात.

स्टेजवरच्या ‘अंतर’च्या चौकोनावर उजवं क्लिक करून स्लायडर निवडा. सरकवल्यावर पुन्हा झेंडा दाबावा लागतो. तरी चित्र बदलत नसेल तर झेंड्याखाली ‘सेट अंतर टू ४०’ तसंच ठेवलेलं असतं. झेंडा दाबला की स्लायडर पुन्हा ४० वर येतो. ९० ला वरची ओळ बरोबर स्टेजच्या कडेवर येते, त्यापुढे चित्र बिघडतं. हे का होतं, ते मुलालाच गणित करून सांगू द्या.

मधल्या फुलासाठी आधी एक चौकोन: ‘पेन डाउन’, मग ‘रिपीट ४’मध्ये ४० पावलं आणि ९० अंश वळण. त्रिकोण करायला सांगितला की मूल ६० अंश घालतं, कारण शाळेत त्रिकोणाचा कोन ६० शिकवलेला असतो. चित्रात मात्र अर्धा षटकोन उमटतो. मुलाला उभं करून फरशीवर त्रिकोणात चालायला लावा. चालणारा स्वतः किती वळतो ते महत्त्वाचं, आणि पूर्ण फेरीत वळणं ३६० होतात, म्हणजे एकेक १२०. अंगाने चालून भूमिती समजण्याची ही कल्पना १९६७ सालच्या लोगो भाषेपासूनची आहे. तिच्या कर्त्यांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, यांनी ती जगभर नेली आणि स्क्रॅचही त्याच वाटेने आलं.

आता चौकोन काढून ३० अंश वळायचं, असं १२ वेळा. बारा चौकोनांचं फूल तयार. ८ वेळाच केलं तर एक षष्ठांश फूल रिकामं राहतं. चौकोन कधी तिरका आला तर मागच्या वेळी फूल लाल बटणाने मधेच थांबवलं असेल आणि दिशा तशीच राहिली असेल. सुरुवातीला ‘पॉइंट इन डिरेक्शन ९०’ लावावं.

पायथन कधी

वय बघून ठरवू नका. ब्लॉक पडद्यावर मावत नाहीत अशी मुलाची तक्रार यायला लागली आणि टायपिंगला हात बसला, की थॉनी हा साधा एडिटर घ्या आणि टर्टल हे पायथनमधलं चित्र काढायचं साधन वापरून हीच रांगोळी पुन्हा काढा. ओळखीचं चित्र असलं की फक्त लिहिण्याची पद्धतच नवी राहते. फाइलला ‘टर्टल’ हे नाव मात्र देऊ देऊ नका. मुलं नेमकं तेच देतात, मग पायथन मूळ टर्टलऐवजी मुलाचीच फाइल उघडतो आणि न समजणारी एरर येते. ‘इनपुट’ने घेतलेले ५ आणि ५ मिळवल्यावर ५५ येतात, कारण ती अक्षरं असतात, आधी त्यांची संख्या करावी लागते.

कोड लिहून देणाऱ्या एआयला या टप्प्यावर दूर ठेवावं. झेंडा दाबण्याआधी काय होईल हे मूल बऱ्यापैकी अचूक सांगू लागलं की मग त्याचा उपयोग आहे. स्क्रॅचवर काम शेअर करायचं झालं तर खात्याच्या नावात मुलाचं खरं नाव, शाळा किंवा गाव नको.

आणि दुसऱ्याच बैठकीत मुलाने रांगोळी सोडून मांजर-उंदराचा गेम करायला घेतला, तर करू द्या. त्यात दुसऱ्यांदा खेळताना गुण शून्यापासून सुरू होणार नाहीत, आणि उंदराला स्पर्श झाला तरी काही घडणार नाही. पहिल्याला झेंड्याखाली ‘सेट गुण टू ०’ लागतं. दुसऱ्यात स्पर्शाची तपासणी ‘फॉरएव्हर’च्या पोटात घालावी लागते, नाहीतर ती झेंडा दाबताक्षणी एकदाच होऊन संपते. तेव्हाही तेच तीन प्रश्न, आणि हात मांडीवर.