व्हॅक्यूम सायफनवर घरच्या घरी कॉफी कशी करावी

सायफनमध्ये पाणी खालच्या काचेच्या गोळ्यातून नळीवाटे वर चढतं, वरच्या भांड्यात कॉफी होते आणि आच काढली की गाळली जाऊन ती पुन्हा खाली उतरते. पाहणाऱ्याची नजर साहजिकच पाण्यावर खिळते. करणाऱ्याने मात्र ज्योतीवर लक्ष ठेवावं. पाणी चढेपर्यंत आच मोठी आणि चढल्याबरोबर लहान, हे जमलं की सायफनची निम्मी कॉफी जमली. बिघडलेल्या कपांमागे बहुतेक वेळा इथलीच चूक असते.

आत काय घडतं

नाव सायफन असलं तरी काम वाफेच्या दाबाचं आहे. खालचा गोळा तापला की आतली हवा आणि वाफ फुगते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. नळीचं टोक गोळ्याच्या बुडापासून थोडं वर असतं, त्यामुळे तळाशी दोन-तीन चमचे पाणी उरतं. ते उरायलाच हवं, कारण त्याचीच वाफ वरचं पाणी वर धरून ठेवते आणि काच कोरडी तापत नाही. आच काढली की वाफेचं पुन्हा पाणी होतं, गोळ्यातला दाब पडतो आणि बाहेरच्या हवेचा दाब कॉफीला गाळणीतून खाली लोटतो. वरच्या भांड्यात बुडबुडे उठत असतात, पण तिथलं पाणी उकळत नसतं. ती नळीतून येणारी वाफ असते. पाण्याचं तापमान ९० ते ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं असतं.

साहित्य आणि माप

सायफनवर लिहिलेला ‘कप’ साधारण १२० मिलिलिटरचा असतो. म्हणजे हारिओ या जपानी कंपनीच्या टीसीए-३ या तीन कपांच्या सायफनमध्ये ३६० मिलिलिटर पाणी मावतं. प्रत्यक्षात तो दोघांपुरता समजावा. सुरुवातीला ३०० मिलिलिटर पाणी आणि २० ग्रॅम कॉफी हे प्रमाण धरा. चोथा दर ग्रॅमला सुमारे २ मिलिलिटर पाणी धरून ठेवतो, म्हणून हातात २५०-२६० मिलिलिटर कॉफी येते. चमच्याने न मापता वजनकाटा वापरा. हलक्या भाजलेल्या बिया जड असतात, गडद भाजलेल्या हलक्या, त्यामुळे एकाच चमच्यात वेगवेगळं वजन बसतं.

दळण मध्यम, टेबलावरच्या मिठाएवढं. पीठ झालं तर गाळणी तुंबते, रव्यापेक्षा जाड राहिलं तर मिनिटभरात त्यातून पुरेसं काही उतरत नाही. बिया आधी मोजून ठेवा, पण दळा पाणी तापत असताना.

गाळणी बसवणं

कापडी गाळणीला खाली स्प्रिंग, मण्यांची साखळी आणि टोकाला आकडा असतो. साखळी नळीतून खाली सोडा, ओढा आणि आकडा नळीच्या खालच्या कडेला अडकवा. मग वरून पळीने गाळणी सरकवून बरोबर मध्यावर आणा. ती केसभर जरी एका बाजूला राहिली तरी तिथून पूड खाली जाते.

कापड नवं असेल तर आधी चमचाभर कॉफी पूड घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या, म्हणजे त्याचा कोरा वास जातो.

करायची रीत

खालच्या गोळ्यात ३०० मिलिलिटर गरम पाणी घाला. गार पाण्यानेही चालतं, पण स्पिरिटच्या दिव्यावर ते उकळायला फार वेळ लागतो. मग गोळा बाहेरून कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. ही पायरी कधीच गाळू नका. ओल्या काचेवर ज्योत लागली की गोळा तडकू शकतो.

दिवा पेटवून गोळ्याच्या मध्याखाली ठेवा. ज्योत बुडापुरतीच असावी, बाजूंनी वर चढू नये. वरचं भांडं आत्ताच घट्ट बसवू नका. ते तिरकं टेकवून ठेवा, साखळी पाण्यात लोंबू द्या. भांडं आधीच बसवलं तर पाणी पुरेसं तापण्याआधीच दाबाने वर जातं आणि कॉफी आंबट, पातळ होते. साखळीचं दुसरंही काम आहे: तिच्या मण्यांवर बुडबुडे सुटतात, त्यामुळे पाणी अचानक उसळत नाही. साखळी पाण्यात नसताना उकळतं पाणी झाकायला गेलात तर ते भसकन वर उडू शकतं.

साखळीवरून बुडबुड्यांची सलग माळ सुटू लागली की भांडं सरळ करून हलक्या हाताने दाबा, किंचित फिरवा, रबरी कडं नीट बसू द्या. अर्ध्या-एका मिनिटात पाणी वर चढतं.

आता लगेच आच कमी करा. गॅसचा छोटा बर्नर असेल तर कळ फिरवली की झालं. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत पेटलेली असताना लहान करता येत नाही, म्हणून दिवाच थोडा बाजूला सरकवा आणि ज्योतीची कड तेवढी काचेला लागू द्या. वर बुडबुडे बारीक आणि संथ दिसले पाहिजेत. एकाच कडेने मोठे बुडबुडे फुटत असतील तर गाळणी सरकली आहे, पळीने मध्यावर ढकला. पूड घालण्याआधीच हे करता येतं, नंतर नाही. पाणी असं वीस-तीस सेकंद स्थिरावू द्या. पहिल्यांदा करताना थर्मामीटर बुडवून बघा, दोन-चार वेळांत बुडबुड्यांवरून अंदाज येऊ लागतो.

पूड घाला आणि घड्याळ लावा. पूड वर तरंगते, तिला लाकडी किंवा बांबूच्या पळीने पाण्यात दाबून भिजवा. आठ-दहा सेकंदांचं काम आहे. घुसळू नका. नीट भिजलं की काचेतून तीन थर दिसतात: वर फिकट फेस, मध्ये पूड, खाली कॉफी. कोरड्या पुडीच्या गाठी दिसल्या तर तेवढ्याच मोडा.

साठाव्या सेकंदाला दिवा काढा आणि झाकणाने विझवा. फुंकू नका. लगोलग पळीने तीन-चार वेळा गोल, मोकळं ढवळा. पळी गाळणीला लागू देऊ नका. काही सेकंद काहीच होत नाही, मग नळीतून कॉफीची धार लागते आणि शेवटी हवा ओढली गेली की खालच्या गोळ्यात सोनेरी फेस उसळतो. उतरायला ३० ते ६० सेकंद लागावेत. वर उरलेला चोथा घुमटासारखा, मध्ये उंच आणि कडेला उतरता दिसला तर ढवळणं आणि दळण दोन्ही बरोबर होतं.

वरचं भांडं काढताना सरळ उपसू नका. स्टँड एका हाताने घट्ट धरा, भांडं पुढे-मागे हलकेच झुलवत सैल करा. काच तापलेली असते, फडकं हाताशी ठेवा. कॉफी खूप गरम असते, दोन-तीन मिनिटं थांबलं की तिची खरी चव लागते.

बिघडलं तर

पाणी अर्धंच चढलं तर रबरी कडं पाहा. ते नीट बसलेलं नसतं, त्यात पूड अडकलेली असते किंवा ते जुनं होऊन कडक झालेलं असतं. हीच गळती कॉफी उतरतानाही आडवी येते. हवा आत शिरत राहिली की पोकळी तयारच होत नाही आणि कॉफी थेंबथेंब पडते.

कडं ठीक असूनही दोन मिनिटं लागत असतील तर दळण बारीक आहे किंवा कापड तेलाने माखलं आहे. मध्येच अडकलीच, तर गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं गोळ्याच्या वरच्या भागाला लावा. ज्योत लागत होती त्या बुडाला अजिबात नको.

कडू, जळकट चव आली तर आधी आच कमी करा, मग वेळ. आंबट आणि पाणचट आली तर दळण थोडं बारीक करा किंवा वेळ ७५-९० सेकंदांपर्यंत न्या. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

दिवा आणि कापड

स्पिरिटची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. दिवा विझला आहे असं समजून त्यात स्पिरिट ओतणं हा यातला सर्वांत मोठा धोका आहे. दिवा पूर्ण गार झाल्यावरच भरा आणि तोही काठोकाठ नको. वात वर-खाली करायची तर तीही तेव्हाच.

कापडाला साबण लावू नका, त्याचा वास पुढच्या प्रत्येक कपात येतो. वाहत्या गरम पाण्याखाली चोळून धुवा आणि स्वच्छ पाण्याच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला. वाळू दिलं तर कापडात मुरलेलं कॉफीचं तेल खवट होतं. गरम पाण्याने धुऊनही खवट वास राहिला किंवा उतरण्याचा वेळ दिवसेंदिवस वाढत गेला की कापड बदला. गोळा लगेच गार पाण्याखाली धरू नका. हाताला सोसेल इतका निवला की आतून मऊ ब्रशने धुवा आणि उपडा वाळवा.